गाळलेलं वाक्य

“प्रश्न विचारला की गप्प बसायचं. समोरच्याचं मौन आपण भरायचं नाही, बाई!”

गाईड मॅडमचा हा आवाज कानात घेऊनच मी त्याच्या दारात उभी राहिले होते. आठवण हरवलेल्या आईवडिलांना घरीच सांभाळणाऱ्या मुलांवर माझा प्रबंध होता. त्यात आकडे नव्हते. माणसं होती, त्यांचं बोलणं होतं. हा चित्रांना फ्रेम करून देणारा. आईला एकटं सोडता येईना म्हणून त्याने दुकानच घरात आणलं होतं.

रेकॉर्डर ठेवायला त्याने टेबलावरचा भुसा हाताने सारला. उरलेल्यावर फुंकर घातली, आणि मी नेमकी तेव्हाच वाकले...

“अजून मुलाखत सुरूही नाही, आणि तुमच्या डोळ्यांत पाणी!”

खिडकीशी बसलेल्या त्याच्या आईने मान वळवली. “ही कोण रे?”

“अभ्यासाला आल्यात, आई.”

तो बोलत गेला. आई कधी कधी त्याला आपला धाकटा भाऊ समजते. मग तोही तिला ताई म्हणतो.

“वाईट वाटत नाही?”

“वाटतं ना. पण ताई लाड करते. आई नुसती रागवायची.”

मी हसू आवरून गप्प बसले. तो पटाशीची धार अंगठ्याने चाचपत राहिला. मग हळूच म्हणाला, “ज्या दिवशी मी तिला कुणीच वाटणार नाही... त्या दिवसाची भीती वाटते.”

माझं चौथं प्रकरण त्या एका वाक्यातून उभं राहिलं.

त्यासाठी मी पुन्हा पुन्हा तिथे गेले. सकाळची प्रार्थना झाल्याशिवाय मी पाणीही तोंडात घेत नाही. हल्ली त्या प्रार्थनेत एक नाव जास्तीचं येऊ लागलं होतं. देवाला ते आधीच ठाऊक असणार. मीच उगाच दबक्या आवाजात घेत होते.

पद्धत अशी, की उतरवलेलं बोलणं ज्याचं त्याला वाचायला द्यायचं. नको ते त्याने खोडावं. वाटल्यास सगळंच मागे घ्यावं. कानामागे पेन्सिल खोचून त्याने शेवटपर्यंत वाचलं.

“आईचं वाक्य गाळलंत.”

“कुठलं?”

“‘ही कोण रे?’ दर वेळी विचारते ती.”

“ते... माझ्याबद्दल होतं. अभ्यासाचं नव्हतं.”

“वा! मुलाखत माझी, आई माझी, आणि वाक्य तेवढं तुमचं?”

मी हसले. तो हसला नाही.

“मी सगळं बोलणं मागे घेतलं तर? मग तुम्ही अभ्यासाला आलेल्या राहणार नाही. मग आईला काय सांगू – कोण?”

एवढं विचारून तो गप्प बसला. माझ्याकडूनच शिकला होता ते. पहिल्यांदाच उत्तर मला द्यायचं होतं.

त्याचं बोलणं गेलं तर चौथं प्रकरण कोसळणार होतं. पण माझी जीभ अडली ती त्यासाठी नव्हे.

“राहू द्या ते बोलणं,” मी म्हणाले. “तुमच्यासारखं कितीतरी घरांत कुणीतरी घाबरून बसलं असेल. त्यांना कळू दे, आपण एकटे नाही. पण अभ्यासात हे मिसळायला नको; प्रबंध मान्य होईपर्यंत मी इथे येणार नाही. झाला की येईन... रेकॉर्डरशिवाय.”

“वचन?”

“वचन.”

“तोवर आई...” त्याने वाक्य पुरं केलं नाही. मीही ते भरलं नाही.

मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. “पद्धतीच्या प्रकरणात लिहून टाक. तू कुठे उभी राहून ऐकत होतीस, ते वाचणाऱ्याला कळायला हवं. लपवलंस तर खोटं होईल.”

मी लिहिलं. गाळलेलं वाक्यही जागेवर आलं.

मग वाट पाहणं. सकाळची प्रार्थना, ते नाव, आणि त्याच्या गल्लीला वळसा घालून जाणं.

आज तोंडी परीक्षा झाली. प्रबंध मान्य झाला. मी त्याला दोनच शब्द कळवले – “मान्य झाला.”

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. “अभिनंदन. आई आता मलाही विचारते, तू कोण रे.”

म्हणजे तो दिवस आला होता. आणि त्याने तो एकट्यानेच काढला होता.

मी हात जोडले. आज काही मागितलं नाही. रेकॉर्डर कपाटात ठेवला, चपला घातल्या आणि दार हळूच ओढून घेतलं.

त्या खोलीत आज आईला आम्हा दोघांची ओळख करून द्यायची होती.