पिंपातली माती

तो तिला पहिल्यांदा दिसला तोच मुळी घसरताना! द्राक्षबागेच्या उतारावरून, दोन ओळींच्या मधून, वही छातीशी धरून तो बसल्या बसल्या खाली आला आणि थेट तिच्या पायाशी थांबला.

"उतार मोजलात वाटतं?"

"मोजला... अगदी सविस्तर," तो चिखल झटकत म्हणाला.

पावसाबरोबर किती माती वाहून जाते, ते मोजायला तो शहरातून आला होता. त्यानं पायथ्याशी दोन पिंपं पुरली. एकात गवत राखलेल्या ओळींचं पाणी यायचं. दुसऱ्यात तिच्या वडिलांच्या, अण्णांच्या लख्ख खुरपलेल्या ओळींचं. अण्णांना गवताची काडी खपत नसे. "तुझ्या आकड्यांनी पटलं, तर सगळ्या बागेत राखीन," ते म्हणाले होते.

पाऊस झाला की तिनं निरोप धाडायचा, त्यानं येऊन माती न्यायची. मग काय, ती ढगांकडे डोळे लावून बसू लागली. एकदा बोलता बोलता त्यानं चिखलाच्या बोटानं तिची बट मागे सारली...

"कपाळाला काय लागलंय गं?" आईनं विचारलं.

"माती."

"ते दिसतंय. कुणाची, ते विचारतेय."

दुसऱ्या वर्षी पावसानं दडी मारली. नुसते शिंतोडे. तिला राहवेना. तिनं विहिरीकाठची घमेलंभर माती आणि दोन कळश्या पाणी पिंपात ओतलं नि निरोप धाडला. असं तीनदा केलं. तो तीनदा आला.

चौथ्यांदा तो निरोपाशिवायच आला. ती हरखून धावत गेली. त्याच्या हातात वाळलेल्या मातीचं ताट होतं.

"उताराची माती तांबडी," तो म्हणाला. "ही काळी. ओली होती तोवर कळलं नाही. कुठल्या पिंपात टाकलीस?"

"गवताच्या... अण्णांना कमीपणा नको म्हणून."

"आधीच्या दोन खेपांची माती मी ओली असतानाच गेल्या वर्षीच्या मातीत कालवली. आता काय खरं, कसं सांगू?" त्यानं ताट खाली ठेवलं. "मला नुसतं 'ये' म्हणाली असतीस, तरी आलो असतो गं."

अण्णांना त्यानं एवढंच सांगितलं, "आकडे चुकले. चूक माझी." अण्णा हसले आणि त्यांनी उरलंसुरलं गवत खणून काढलं.

पुढच्या साली ढग फुटला, तोही नेमका त्यांच्याच डोंगरावर. सकाळी वेलींची मुळं उघडी पडली होती. दोन्ही पिंपं गाळानं बुजली होती. अण्णा बांधावर मटकन बसले. "बोलाव त्याला," म्हणाले. "गवत कसं लावायचं, विचारू."

तिनं निरोप धाडला. उलट चिठ्ठी आली, एका ओळीची: "इथे टिपूसही नाही. तिकडे खरंच पाऊस झाला?"

पाठवायला म्हणून तिनं पिंपातली मूठभर माती पुडीत बांधली. मग वाटलं... आता पुरावे देऊन बोलवायचं?

तो आला नाही, गवत लागलं नाही. त्या उतारावर आज खडक आहे. पुडी तिच्या कपाटात आहे. कधीतरी ती उघडून बघते. माती केव्हाच वाळली, पण आहे तांबडीच.