डावा कोपरा

अपेक्षा बाळंतीण होऊन दौंडच्या दवाखान्यात होती. संध्याकाळी तिला नि बाळाला घरी आणायचं, तर त्याआधी गाडीचा पुढचा बंपर नीट करून घेऊ, म्हणून तिचे आईवडील, हौसराव आणि सुलक्षणा, दुपारीच शिरूरला आले. बाजार समितीच्या मागे म्हाळूमामांचं पत्र्याचं गॅरेज. ऊन असं, की पत्रा नुसता तडतडत होता.

बंपरचा डावा कोपरा हेडलाइटखालून निसटून पुढं आला होता. मामांनी त्या फटीत दोन बोटं घालून पाहिली.

"काय आडवं आलं हुतं, आप्पा?"

"कुत्रं. वडगाव रासाईच्या वळणावर," हौसराव म्हणाले.

मामांचा एक नेम होता. ठोकलेल्या गाडीला हात लावण्याआधी ते हे विचारायचेच. जनावर गेलं असेल तर चाकाखाली लिंबू चिरडायचं. माणूस असेल तर आधी त्या जागेवर जाऊन नारळ वाढवायचा, हात जोडायचे, आणि मगच पाना उचलायचा. त्यांचा हा नेम हौसरावांना ठाऊक होता.

मामांनी चाकाखाली लिंबू ठेवलं. हौसरावांनी गाडी पुढं घेतली. लिंबू मागून बाहेर आलं, तसंच्या तसं. त्यावर चाकाचा डागही नव्हता.

"लिंबू बी तुमच्यासारखंच चिवट हाय, मामा," हौसराव हसले. मामा हसले नाहीत.

त्यांनी बंपरवर कढत पाणी ओतलं, चाकाच्या बाजूनं आत हात घातला आणि पोचा आतून बाहेर ढकलला. मग कोपरा जागेवर दाबला. खट्! क्लिपा बसल्या. मामा कंबर सरळ करतात न करतात, तोच पुन्हा... खट्. कोपरा बाहेर.

पुन्हा बसवला. पुन्हा बाहेर.

"आतनं कुणीतरी रेटतंय," मामा पुटपुटले. त्यांनी पुन्हा हात घातला आणि एकदम ओरडून बाहेर काढला. तळवा चिरला होता. रक्तात हिरव्या बांगडीचा तुकडा रुतला होता, आणि त्याला गुंडाळलेला एक लांब केस.

मामांनी तो हात हौसरावांच्या तोंडापुढं धरला.

"आप्पा, कुत्रं बांगड्या भरतंय व्हय?"

सुलक्षणाला गाडी ठोकली तो दिवस आठवला. त्या दिवशी हौसरावांनी घरी येताच स्वतः गाडी धुतली होती. जन्मात कधी बादली न उचललेला माणूस! आणि पाणी तिनंच आणून दिलं होतं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "आज आपलं नातवंड बसणार हाय या गाडीत. काय घडलं ते खरं सांगा... लेकीची आण हाय तुमाला."

"कुत्रं म्हंजी कुत्रं!" हौसरावांनी भिंतीशी पडलेला लोखंडी हातोडा उचलला. "बसत न्हाई म्हंजी काय!"

"आप्पा, तेनं न्हाई! फुटंल!"

पहिला घाव प्लास्टिकवर पडल्यासारखा वाजला. दुसरा मात्र ओला वाजला. तिसऱ्याला बंपरच्या आतून आवाज आला, बारीक, दमलेला...

"आई गं..."

मामा भिंतीला जाऊन टेकले. फटीतून कढत पाणी ठिबकत होतं, आता लालसर. हौसरावांना काही दिसत नव्हतं. डोळे तारवटलेले, तोंडाला फेस. ते घावावर घाव घालत होते आणि कोपरा दर घावाला वर येत होता, पडलेल्या माणसानं कोपरावर रेलून उठू पाहावं तसा.

"उठू नको!" हौसराव किंचाळले. "उठू नको म्हणतो ना!"

आणि थबकले.

गॅरेजात पत्र्याची तडतडही थांबली. सुलक्षणाला कळायचं ते कळलं. त्या वळणावर ती बाई गाडीखाली मेली नव्हती. ती उठत होती.

"अहो... काय केलंत तुमी?"

हौसरावांनी उत्तरासाठी तोंड उघडलं. तेवढ्यात, कुणी हात न लावता, बंपर अलगद जागेवर बसला. खट्! आणि त्याच आवाजासरशी हौसरावांचा जबडा डावीकडून निखळून पुढं आला.

शिरूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी जबडा बसवला. तो निसटला. परत बसवला, परत निसटला. एक्स-रेच्या फोटोत हाड कुठंच मोडलेलं नव्हतं. शेवटी पट्टी आवळून बांधली. सुलक्षणानं जावयाला फोन करून अपेक्षाला दौंडलाच थांबवलं.

मग ती खाटेशी बसली आणि नवऱ्याचा हात हातात घेतला.

"पोलिसात सांगू या. त्या जागेवर नारळ वाढवू. मी येते ना संगं... तुमी नुसतं व्हय म्हणून मान हलवा."

हौसरावांनी हात सोडवून घेतला. मग त्यांनी मान हलवली. नाही.

पट्टीखाली खट् वाजलं. आणि सुलक्षणाच्या डोळ्यांदेखत त्यांचा डावा गाल हळूहळू फुगत वर आला... मामा आतून पोचा काढत होते ना, अगदी तसा. गालाच्या कातडीखाली दोन बोटांची टोकं स्पष्ट उमटली होती.

वरच्या टोकापाशी, नखाच्या जागी, बांगडीच्या काचेसारखं काहीतरी हिरवं चमकत होतं.