त्या सकाळचे गुण

"ते गुण लिहायचे नाहीत," थोरली म्हणाली. आवाज इतका कोरडा निघाला, की कामाच्या टेबलापाशी बसलेल्या बाबांनी हातातलं मेण खाली ठेवलं.

धाकटी संगणकासमोर पाठ ताठ करून बसली होती, तशीच बसून राहिली. कॉलेजच्या अर्जात स्वच्छ म्हटलं होतं, की प्रवेश परीक्षेचे गुण कळवणं ऐच्छिक आहे. चांगले असतील तर सांगा, नसतील तर जागा मोकळी सोडा. आणि धाकटीचे गुण... काय सांगायचं! वर्गात कधी मागे न राहिलेल्या त्या पोरीचे गुण असे आले होते, की निकालात घोळ झालाय असंच शिक्षकांना वाटलं. घोळबिळ काही नव्हता. ज्या सकाळी आई गेली, त्याच सकाळी ती पेपरला बसली होती. आणि तिला तिथं धाडलं होतं थोरलीनं.

घराच्या पुढच्या खोलीत बाबा कवळ्या बनवत. आई अंथरुणाला खिळली तेव्हा थोरलीनं कॉलेज सोडलं आणि चकार शब्द न काढता बाबांच्या शेजारी स्टूल ओढून बसली. दात लावायला शिकली, घासून गुळगुळीत करायला शिकली, आणि मधल्या वेळात आईचं सगळं करत राहिली. आपलं शिक्षण राहिलं ते राहिलं, धाकटीचं तरी व्हावं, एवढीच एक आस तिनं जिवापाड जपली होती.

त्या दिवशी तिला जाग आली तेव्हा उजाडलं होतं, आणि आई नव्हती. न्हाणीघरात पाण्याचा आवाज येत होता; धाकटी पेपरला जायला आवरत होती. थोरलीनं आईच्या गळ्यापर्यंत पांघरूण ओढलं आणि दारात आडवी उभी राहिली. "आईला आत्ता कुठं झोप लागलीय," ती धाकटीला म्हणाली. "उठवू नकोस. तू जा."

धाकटी मान डोलावून गेली. परत आली ती शब्दाला महाग होऊन. तेव्हापासून बहिणीशी "हो", "नको", "जेवले", यापलीकडे बोलणं नाही! मावशी तर चारचौघांत म्हणाली होती, "काळीज आहे का दगड गं तुझं? आईचं तोंडसुद्धा बघू दिलं नाहीस पोरीला." थोरलीनं तेही मुकाट्यानं ऐकून घेतलं.

पण तिला आतून पोखरत होतं ते वेगळंच. ते तिनं कुणाजवळ उच्चारलं नव्हतं.

आजारपणात आईचे दात गेले, तेव्हा बाबांनी स्वतः तिची कवळी केली होती, पुढचा एक दात तिच्या मूळच्या दातासारखाच किंचित तिरपा ठेवून. बोळकं तोंड आई कुणाला दाखवत नसे, अगदी बाबांनासुद्धा. रात्री थोरली कवळी काढून, धुऊन, उशाशी पाण्याच्या ग्लासात ठेवी, आणि शेजारी रुमालात गुंडाळून चमचा. सकाळी आई चमच्यानं तो ग्लास वाजवी. टिण टिण... म्हणजे, ऊठ बाई, मला दात दे, मग दार उघड. त्या रात्रीही थोरलीनं कवळी ग्लासात ठेवली होती. आणि सकाळी ग्लासात नुसतं पाणी होतं. कवळी आईच्या तोंडात होती!

म्हणजे आई उठली होती. तिनं ग्लास वाजवला असणार, पुन्हा पुन्हा वाजवला असणार, आणि आपण हाताच्या अंतरावर ढाराढूर झोपलेलो... शेवटी बिचारीनं थरथरत्या हातांनी स्वतःच दात बसवले आणि एकटीनं प्राण सोडला. त्या दिवसापासून तो आवाज थोरलीचा पाठलाग करत होता. घासायचं यंत्र चालू असताना मध्येच टिण टिण ऐकू येई, ती यंत्र बंद करून कान देई, आणि घर आपलं चिडीचूप. ग्लास अजून आईच्या उशाशी तसाच होता. त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

"ऐच्छिक आहे ना? मग सोड की मोकळी जागा," बाबा चाचरत म्हणाले. "हसताना सगळे दात कोण दाखवतं?"

"मी लिहिणार आहे," धाकटी म्हणाली.

"का पण? कुणी मागितलेत?"

"लिहिणार आहे."

थोरली उठली. खुर्ची ओढून ती धाकटीला चिकटून बसली, तशी ती कित्येक महिन्यांत बसली नव्हती. "बरं, लिही. पण खाली कारण सांगायला जागा दिलीय. तिथं लिही, आई गेल्याचं माझ्या बहिणीनं लपवलं आणि मला फसवून पेपरला पाठवलं. ते गुण तुझे नाहीतच मुळी, माझे आहेत. सरक, मीच लिहिते."

तिनं दोन शब्द टाइप केले असतील नसतील, तोच धाकटीनं तिचं मनगट धरलं. "नको, ताई. खोटं आहे ते."

"खोटं काय त्यात?"

"मला माहीत होतं."

बाबांची खुर्ची करकरली.

"निघायच्या आधी आईशी बोलावं म्हणून पहाटे आत आले," धाकटी खाली बघत म्हणाली, "तर तिचा हात गार लागला. तू खाली झोपली होतीस. किती दिवसांनी झोपली होतीस गं... तुला उठवावंसं वाटेना. म्हटलं, आता सगळे येतील, तिला तशी बघतील, तिला नाही आवडायचं. म्हणून कवळी मी बसवली. मग न्हाणीघरात नळ सोडून रडले. बाहेर आले तर तू म्हणालीस, आई झोपलीय. मला वाटलं, तुला खरंच तसं वाटतंय. म्हटलं, वाटू दे. मी परत येईपर्यंत तरी ताईची आई असू दे."

"आणि तू पेपरला गेलीस?"

"काही झालं तरी पेपर चुकवायचा नाही, असं आईनं वचन घेतलं होतं. बसले, पण अक्षरं दिसतच नव्हती. घरी आले तर सगळे तुला बोलत होते. मी तोंड उघडलं असतं तर तू सुटली असतीस. पण आईला तशी टाकून पेपर द्यायला गेलेली मुलगी मी... कुठल्या तोंडानं सांगणार होते?" तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. "म्हणून ते गुण लपवायचे नाहीत. बाकी सगळं लपवलंच आहे मी."

थोरली रागावली नाही. इतके महिने शिव्याशाप कुणी खाल्ले, हे तिच्या मनातही आलं नाही. तिनं धाकटीचे खांदे धरले. "मग... आई उठली नव्हती?"

"नाही गं. झोपेतच गेली."

"ग्लास वाजवला नाही तिनं?"

"नाही. चमचा तू ठेवला होतास तसाच होता. रुमालात गुंडाळलेला."

थोरलीच्या गळ्यातून जो आवाज निघाला तो धड रडण्याचाही नव्हता. ती धाकटीच्या कुशीत कोसळली, आणि धाकटी वयानं मोठी असल्यासारखी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. बाबा जवळ आले. कुणाच्या डोक्यावर हात ठेवावा हे त्यांना कळेना.

"नीट बसली होती हो कवळी," ते धाकटीला म्हणाले. "मी बघितलं होतं. अगदी नीट बसवली होतीस."

मग धाकटीनं गुण लिहिले. कारणाच्या जागेत तिनं एवढंच लिहिलं, की त्या सकाळी माझी आई गेली आणि मी परीक्षेला गेले. थोरलीनं ते वाचलं आणि होकारार्थी मान डोलावली.

संध्याकाळी थोरली यंत्रावर एक कवळी घासत होती. टिण टिण... तिचा हात सवयीनं थांबला. यंत्र बंद करून तिनं कान दिला.

"ताई," स्वयंपाकघरातून धाकटीचा आवाज आला. आईच्या ग्लासात ती चमच्यानं चहा ढवळत होती. "साखर कमी पडलीय, संपली का गं?"

"वरच्या फळीवर आहे, मागे," थोरली म्हणाली, आणि तिनं यंत्र पुन्हा सुरू केलं.