अक्काच्या हातची भाकर

"गोजराबाई, तुम्ही मागे बसा! आज तुम्हाला प्रभुभोजन नाही!"

गोजराबाईच्या काळजात चर्र झालं... गोजराबाई! आणि वर 'तुम्ही'! आईबापामागे ज्याला पाठीशी बांधून तिनं शेतात नागली लावली, ज्याच्या शिक्षणापायी दोन चांगली स्थळं परतवून द्राक्षबागांत मजुरी करत जन्म काढला, तो धाकटा भाऊ सुनील आज भर मंडळीत तिला परकी करत होता! नाशिकहून चर्चचा पाळक होऊन आला तेव्हापासून साहेबांच्या अंगावरचा कोट हरसूलच्या उन्हातही उतरत नव्हता, आणि मान तर त्या कोटाहून ताठ!

तिचा अपराध काय? तर प्रश्न विचारला! मंडळीतलाच म्हातारा बुधा पहाटे वारला. तापात त्याच्या पोरानं उतारा करायला भगत आणला होता, तेवढ्यावरून सुनीलनं त्याला दफनभूमीत जागा नाकारली. बिचारा चर्चच्या अंगणात बाजेवर चादरीखाली पडून होता. "हे शास्त्रात कुठं लिवलंय, दाखव," एवढंच ती म्हणाली. दाखवणार काय, कपाळ! उत्तर नसलं की या लोकांना आपला अभिषेक आठवतो. "देवाच्या अभिषिक्ताला जाब विचारता?" म्हणून तो गरजला होता.

ती दाराशी जाऊन बसली. डोळे भरून आले, पण मान तिनं खाली घातली नाही.

या मंडळीत प्रभुभोजनाला पाव नसतो, नागलीची भाकर मोडतात, आणि सतरा वर्षं ती गोजराबाईच थापते. आजचीही तिचीच होती. बहीण चालत नव्हती, तिची भाकर मात्र साहेबांना चालत होती!

सुनीलनं भाकर मोडून ताट पुढे केलं. पहिल्याच रांगेत म्हाताऱ्या झुंबरबाईनं हात मागे घेतला.

"जिनं थापली तिला नाय, तं मलाबी नको."

शेजारणीनं मान फिरवली. मग तिसरीनं... एकही हात पुढे येईना! रांगेरांगेतून फिरून तो भरल्या ताटानिशी दाराशी येऊन थांबला.

"अक्का..." त्याचा आवाज फुटला. "तू तरी घे गं!"

किती वर्षांनी तो शब्द! माया उफाळून आली, हातही उचलला गेला... पण तिनं तो आवरला.

"आधी बुधाला माती दे. तवर माझ्याबी घशाखाली उतरायची नाय."

सुनीलची ताठ मान खाली गेली. मग ताट तिच्या मांडीवर ठेवून त्यानं कोट काढला, आणि बुधाच्या पोराकडे कुदळ मागितली.

दुपारी माती देऊन सगळे परतले. सुनीलचे हात मातीनं भरले होते, म्हणून भाकरीचा पहिला तुकडा अक्कानंच त्याच्या तोंडात घातला.