झडीत रोपं न्यायला आलेला पंच

झडीचा तिसरा दिवस होता. करिश्मा पलंगावर मांडी घालून टीव्हीवर कबड्डीचा सामना पाहत होती… पाहत कसली, भांडत होती. टीव्हीतल्या पंचाशी, समालोचकाशी, पाऊस वाढला की सिग्नल सोडणाऱ्या गच्चीवरच्या डिशशी. सकाळी मोझरीला गेलेल्या बापाशीही तिचं मनातल्या मनात भांडण चालूच होतं. जाताना शालिकराम एवढंच म्हणाले होते, "उद्या नऊ वाजता निवड चाचणी हाय. बूट काढून ठेवजो."

बूट माळ्यावर होते. जानेवारीपासून माळ्यावरच होते.

जानेवारीत अकोल्याविरुद्धच्या अंतिम सामन्यात शेवटची चढाई तिची होती. कोपऱ्यातल्या मुलीच्या खांद्याला बोटं लावून ती कडेच्या राखीव पट्ट्यातून परत आली. स्पर्श झाला असेल तर तो पट्टा मोकळा असतो. झाला नसेल तर पट्ट्यात पाय पडताच खेळाडू बाद. पंचाला स्पर्श दिसला नाही. शिट्टी वाजली, अमरावती एका गुणाने हरली, आणि इतकी वर्षं खेळून पोरीला साधी रेषा कळत नाही, असं लोक तिच्या तोंडावर बोलले. त्या दिवशी तिनं बूट पिशवीत बांधले. दुसऱ्याच्या शिट्टीवर आपलं खरं-खोटं ठरणार असेल तर तो खेळच नको.

"मावशी, रोपं भेटतील का?" अंगणातून आवाज आला.

बडनेरा रोडवर त्यांची रोपवाटिका होती, गिऱ्हाईक यायचंच. पण असल्या पावसात? ओसरीत तिची आई माणिकबाई शेवंतीचे हार ओवत बसल्या होत्या. त्यांनी हातातली सुई न थांबवता म्हटलं, "ये बाप्पा, आत ये."

करिश्मा दारात आली आणि तिथंच खिळली. रेनकोटातून पाणी निथळत होतं, केस कपाळाला चिकटले होते; तरी तिनं तो चेहरा लगेच ओळखला. सात महिने रोज मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या होत्या, ओळखणार कशी नाही. शिट्टीशिवाय तो जरा बुटका वाटत होता, एवढंच.

"तुमी?"

तोही दचकला. ती घरी नसेल अशाच हिशेबानं तो आला असावा. "झेंडूची रोपं पाहिजे होती," तो म्हणाला. "शंभरेक…"

"झडीत? भिजल्या ट्रेमधून रोप काढलं का माती सुटते, मुळं उघडी पडतात. शेतकऱ्याच्या घरचे दिसता, एवढं समजत नाही?"

माणिकबाईंनीच सांगितलं की हा किशोर, अकोल्याकडच्या बार्शीटाकळीच्या जानरावांचा मुलगा, घरी कापूस-सोयाबीन. पाऊस उघडेस्तोवर रोप मिळणार नाही, तेव्हा त्यानं आत बसावं. करिश्माचा जळजळीत कटाक्ष त्यांनी शेवंतीच्या देठासारखा खुडून टाकला.

किशोरनं रेनकोट खुंटीला अडकवला, खुर्ची ओली होऊ नये म्हणून तिच्यावर पोतं अंथरलं आणि कडेला टेकला. टीव्ही चालूच होता. करिश्मानं आवाज वाढवला.

आणि नेमकं तेच घडलं. पडद्यावरचा चढाईपटू कडेच्या पट्ट्यात गेला, पंचाचा हात वर झाला — बाद. संघानं दाद मागितली. तोच क्षण मंद गतीनं पुन्हा दाखवायला सुरुवात झाली… पाऊस कोसळला, पडदा निळा झाला. सिग्नल नाही.

"लागला होता त्याचा हात," किशोर हळूच म्हणाला.

एवढंच निमित्त हवं होतं. "टीव्हीतल्या पोट्ट्याचा दिसला वाटते. पाच फुटांवरच्या पोरीचा नाही दिसला."

"नाही दिसला," तो म्हणाला. "मंग कोणीतरी मोबाईलवर काढलेला व्हिडिओ पाह्यला. दहादा पाह्यला. माहीच चूक होती."

ही चूक त्यानं संघटनेला लेखी कळवली होती, हे मग तिला कळलं. निकाल बदलला नाही; त्याला मात्र यंदा एकाही स्पर्धेत शिट्टी दिली नव्हती. करिश्माचा राग निवायचा तो उलट उसळला. कोणाले इचारून लिहिलं, तिनं विचारलं. आता लोक म्हणतील, पोरीनंच रडून लिहून घेतलं.

"तुमचं नाव नाही लिहिलं. माहं चुकलं, एवढंच लिहिलं."

"अन् हे मले सांगायले आले?"

ओसरीतून माणिकबाई म्हणाल्या, "सांगायलेच येते तो. चवथ्यांदा आला. तू कॉलेजात असते तवा येते, न सांगताच जाते. पहिले मिरची नेली, मंग वांगी, मंग टमाटे. मी इचारलं, कापसाच्या वावरात हे लावतं कुठं रे बाबू? तर म्हणते, शेजाऱ्यायले वाटतो."

किशोरचे कान लाल झाले. करिश्माला हसू येत होतं, आणि हसू येतंय याचाच तिला भयंकर राग आला. ती ताडकन उठली.

"उभे राहा. तुमी कोपऱ्यात."

तो उभा राहिला. ती समोर वाकली, डावीकडे झुकली, झटकन हात पुढे केला. दोन बोटं त्याच्या ओल्या खांद्याला लागली… आणि तिच्या मनात होतं त्याहून क्षणभर जास्त राहिली.

"असा लागला होता. दिसला आता?"

किशोरनं तिच्याकडे पाहिलं. मग उजवा हात सरळ वर केला. वाडीतली पोरं पंचाशिवाय खेळतात तसं — ज्याला लागलं त्यानं आपण होऊन हात वर करायचा आणि बाहेर जायचं. तो हात वर धरूनच ओसरीतून, हारांच्या टोपलीला वळसा घालून, पायरी उतरून अंगणात जाऊन उभा राहिला. भर पावसात. रेनकोट खुंटीवरच होता.

"अवं, भिजून राहिला तो," माणिकबाई म्हणाल्या.

"भिजू दे. बाद हाय तो."

करिश्मा पुन्हा पलंगावर बसली. निळ्या पडद्याकडे बघत राहिली. पागोळ्यांचा आवाज, आईच्या दोऱ्याची सरसर… राग आता हातात धरून ठेवावा लागत होता, नाहीतर निसटला असता. शेवटी ती उंबऱ्यात आली.

"झालं आता. या आत."

"बाद गडी असा येत नाही," तो म्हणाला. ओठावरून पाणी ओघळत होतं. "आपल्या संघाचा गुण आला तरच उठते."

"मंग बोलवा तुमच्या अकोल्यावाल्यायले."

"माहा संघ अकोल्याचा नाही…"

"कोणाचा हाय मंग?"

पाऊस जरा थांबल्यासारखा वाटला, पण थांबला नव्हता.

"एकच खेळाडू हाय संघात," तो म्हणाला. "अन् तिचे बूट माळ्यावर हायत म्हणते."

करिश्मा गर्रकन आईकडे वळली. माणिकबाईंनी हाराला गाठ मारली. "मीच सांगतलं. कोणाले तरी सांगा लागे."

करिश्मा तरातरा आत गेली. स्टूल ओढल्याचा आवाज आला, काहीतरी धाडकन पडलं, मग टॉवेल उडत आला आणि पायरीवर पडला.

"उद्या नऊ वाजता," आतून ती ओरडली. "पहिला गुण मी आणीन. तोवर तू बादच. ओसरीत बस. ओसरी बाहेरच असते."

'तुमी'चं 'तू' कधी झालं, हे तिच्या ध्यानात आलं नाही. किशोरच्या आलं. तो टॉवेल डोक्यावर घेऊन ओसरीत दारापाशी बसला.

आत सिग्नल आला होता. त्या चढाईपटूचं काय झालं, कोणी पाहिलं नाही. करिश्मा बूट घेऊन उंबऱ्याशी आली आणि सात महिन्यांची धूळ फरशीवर आपटून आपटून काढू लागली — रागानंच. थोडी त्याच्या ओल्या पायांवर उडाली. त्यानं पाय मागे घेतले नाहीत.