हवा धरणारी पिकअप

बसा. योगेश, ती खुर्ची नको, तिचा पाय मोडलाय, दिवाळीपासून सांगतोय. शेफाली, तू पायरीवर टेक. आणि मध्येच "काका, लॉजिकली बघितलं तर" असं सुरू करायचं नाही. लॉजिक मलाही कळतं. चाळीस वर्षं या नारायण पेठेत डिझेलचे पंप आणि नोझल दुरुस्त केलेत मी. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण सुदर्शनवर आहे, आणि हे त्यानं मला सांगितलंय.

सुदर्शनचं गॅरेज धायरी फाट्याच्या थोडं पुढे होतं. सरळ माणूस. गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचा, "गाडी ठीक आहे, चालवणारा बदला." असल्या माणसाचा धंदा जेमतेमच चालतो, त्याचाही तसाच चालायचा.

तारीख तेवीस जानेवारी दोन हजार दोन, बुधवार. अमावस्या नव्हती, उगाच पदरचं घालणार नाही. उलट चांगलं चांदणं होतं. दुपारी चारच्या सुमारास सुदर्शन माझ्या दुकानात आला. तांब्याचे वॉशर हवे होते त्याला. एका जुन्या डिझेल पिकअपनं त्याचं डोकं उठवलं होतं.

गाडी हिंदुरावाची. हिंदुराव म्हणजे धायरीतला जमीनवाला. तुमच्यासारखे कम्प्युटरवाले तिकडे फ्लॅट बघत फिरायला लागले, तसा या गड्यानं ज्वारीच्या वावरावर इमारत उभी केली आणि स्वतःला बिल्डर म्हणवून घ्यायला लागला. पिकअप अठ्ठ्याऐंशी सालची. त्याला ती विकून टाकायची होती. दोनदा विकली आणि दोनदा परत आली. कारण काय, तर दोन-तीन किलोमीटर छान चालायची, मग आचके द्यायची आणि बंद पडायची. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू.

"हवा धरतेय," मी म्हटलं.

हवा धरणं म्हणजे काय, सांगतो. टाकीपासून पंपापर्यंत डिझेल ओढून आणावं लागतं. वाटेत कुठे बारीकशी फट असली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. हवा शिरली की इंजिन उपाशी. किंवा मग टाकीच्या झाकणाचं भोक बुजलेलं असतं. त्या झाकणाला सुईएवढं भोक असतं. डिझेल जाईल तशी त्यातून हवा आत आली पाहिजे. ते बुजलं की टाकी गुदमरते, आणि टाकी गुदमरली की गाडी मरते.

सुदर्शन म्हणाला, "भोक मोकळं आहे. फिल्टर बदलला, पंपाचं किट बदललं, नळ्या नव्या टाकल्या. शेवटी मधे पारदर्शक नळी लावून बघितली. बुडबुडे येतात, बद्री. पण सलग नाही. येतात, थांबतात. येतात, थांबतात."

"किती वेळ थांबतात?"

"माणूस श्वास घेतो तेवढा."

मी हसलो. तोही हसला. मग मी त्याला जुनी युक्ती सांगितली. पंपाकडची नळी सोडव आणि तोंडानं टाकीकडे फुंक. दुसऱ्याला टाकीच्या तोंडाला कान लावायला सांग. बुडबुड ऐकू आली तर वाट मोकळी. नाही आली तर टाकीतल्या जाळीवर काहीतरी बसलंय. हे मीच सांगितलं त्याला. ते अजून डोक्यातून जात नाही.

निघताना तो म्हणाला, "आज ती बाई पुन्हा आली होती."

ती बाई म्हणजे कौशल्या. पिकअपच्या ड्रायव्हरची बायको. ड्रायव्हर श्याम, वाशीमकडचा. तिकडून जोडीनं पोटासाठी आलेले. श्याम हिंदुरावाकडे तीन वर्षं होता. गणपतीच्या आदल्या आठवड्यात एका रात्री तो नाहीसा झाला. हिंदुरावानं सगळ्यांना सांगितलं, दोन पिंपं डिझेल चोरून पळाला. वर हेही सांगितलं, की बरोबर कोणी बाई होती. कौशल्या मात्र जागची हलली नाही. त्याच नव्या इमारतीच्या फाटकाशी पत्र्याच्या खोलीत राहायची आणि जिने झाडायची. पिकअप गॅरेजला आली की ही चालत यायची, गाडीला हात लावून उभी राहायची. सुदर्शनला दर वेळी एकच विचारायची.

"दादा, मी कुंकू लावू का पुसू, एवढं कोनी सांगन का मले?"

पाच महिने, योगेश. चोराची बायको म्हणून लोकांनी तिच्याकडे बघायचं, आणि तिला साधं एवढंही माहीत नाही की नवरा आहे का गेला. सुदर्शनला तिचा फार कळवळा यायचा. पण तो तरी काय सांगणार?

संध्याकाळी साडेसातला सुदर्शननं गाडी बाहेर काढली. हिंदुराव शेजारी बसला, कारण दुसऱ्या दिवशी तिसरं गिऱ्हाईक येणार होतं. पांढरेशुभ्र कपडे, हातात अंगठ्या. सुदर्शननं धारेश्वराच्या देवळाकडच्या चढाला गाडी वळवली.

"ह्या रस्त्यानं नगं," हिंदुराव म्हणाला. "दुसरीकडनं घे."

"चढ इकडेच आहे. ताण पडल्याशिवाय दोष कळत नाही."

"म्या सांगतोय ना, नगं."

"मग गाडी तुम्हीच दुरुस्त करा," सुदर्शन म्हणाला आणि दुसरा गिअर टाकला.

अर्ध्या चढावर गाडीनं आचके दिले. एक, दोन, तीन. बंद पडली ती बरोबर हिंदुरावाच्या इमारतीच्या फाटकासमोर.

सुदर्शन उतरला. बॉनेट उघडलं, पंपाकडची नळी सोडवली. म्हणाला, "टाकीचं झाकण काढा आणि कान लावा. मी फुंकतो."

"तूच लाव की कान."

"मग फुंकणार कोण? दोन तोंडं नाहीत मला."

हिंदुरावानं झाकण काढलं. वाकून कान लावला. सुदर्शननं नळी तोंडात धरून फुंकर मारली.

"आली का बुडबुड?"

सुदर्शननं बॉनेटआडून मान बाहेर काढली.

"अहो, आली का?"

हिंदुराव तसाच वाकलेला. कान टाकीला. डोळे जमिनीकडे.

"...आली," तो म्हणाला. पण आवाज त्याचा वाटेना.

एवढ्यात कौशल्या बॅटरी घेऊन खोलीबाहेर आली. गाडी बघून थबकली.

सुदर्शनला वाटलं, एकदा खात्री करू. त्यानं नळी पुन्हा ओठांत धरली. फुंकायला छाती भरून घेतली... आणि त्यानं फुंकायच्या आधीच छाती रिकामी झाली.

नळीनं हवा ओढून घेतली.

ओठ नळीला चिकटले. त्यानं दोन्ही हातांनी ती उपटून काढली. मला म्हणाला, "मी फुंकलो नाही, बद्री. माझा श्वास कोणीतरी घेतला."

नळी हातात लोंबत होती. तिच्या तोंडातून आवाज येत होता. सूं... मग थांबायचा. सूं... मग थांबायचा. इंजिन बंद होतं. रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं.

हिंदुरावानं झाकण उचललं. टाकीवर दाबलं. करकचून फिरवलं.

आवाज थांबला.

आणि हिंदुरावाचा श्वास थांबला.

तोंड उघडं. छाती वर खाली होतेय, पण आत काहीच जात नाही. डोळे बाहेर आलेले. दोन्ही हात गळ्याशी. गुडघ्यांवर आला, मग रस्त्यावर उताणा. सुदर्शनला वाटलं, हार्टचा झटका. तो धावला, कॉलर सैल केली. काही उपयोग होईना.

कौशल्या पुढे आली. हिंदुरावाकडे तिनं बघितलंही नाही. टाकीपाशी गेली आणि झाकण काढलं.

हिंदुरावानं हंबरडा फोडल्यासारखा श्वास घेतला.

ती टाकीला कान लावून उभी राहिली. बराच वेळ. मग म्हणाली, "त्याचाच आवाज हाये."

सुदर्शन उठून उभा राहिला. म्हणाला, "कौशल्याबाई, चला, बाजूला व्हा."

तिनं ऐकलं नाही. झाकण हातात घेतलं आणि हिंदुरावाला विचारलं, "कुठी हाये तो?"

"पळाला... चोर हुता..."

तिनं झाकण टाकीवर ठेवलं. नुसतं ठेवलं. हिंदुरावाचा गळा तिथंच मिटला. पाय रस्त्यावर घासले गेले. तिनं मनात पाच मोजले असतील. झाकण उचललं.

"कुठी हाये?"

"खाली... खाली हाय..."

"कशाखाली?"

त्यानं मान इमारतीकडे वळवली. पार्किंगच्या फरशीकडे.

मग तो बोलला. तुटक, धापा टाकत. काम चालू असताना तिथं डिझेलची लोखंडी टाकी जमिनीत पुरलेली होती. माणूस उतरेल एवढी. काम संपत आलं, टाकी रिकामी झाली, तळाचा गाळ तेवढा काढायचा होता. रात्री श्यामला उतरवला.

"वास चढला त्येला... हाका मारत हुता... मालक, हवा... मालक, हवा..."

"मग?" सुदर्शननं विचारलं.

"सकाळी मिक्सर सांगितला हुता. फरशी वतायची हुती. पोलीस आलं असतं तर... समदं काम अडलं असतं..."

"मग?"

"...झाकण लावलं म्या."



कौशल्यानं विचारलं, "जिता होता?"

हिंदुराव रडायला लागला.

"जिता होता का, मालक?"

"...आतनं वाजवत हुता."

शेफाली, सुदर्शन इथं आला की थांबायचा. पाणी मागायचा. मीही थांबतो जरा.

कौशल्या ओरडली नाही. रडली नाही. तिनं पदराचं टोक घेतलं, कपाळाचं कुंकू पुसलं. सावकाश, सगळं. मग दोन्ही हातांनी झाकण टाकीवर बसवलं. फिरवलं. शेवटपर्यंत फिरवलं. आणि टाकीला पाठ लावून खाली बसली.

सुदर्शन मला म्हणाला, "मी तीन पावलांवर होतो, बद्री. तो माझ्याकडे बघत होता. तीन पावलं. मी गेलो नाही."

मी विचारलं, "भीती वाटली?"

म्हणाला, "नाही. राग आला होता. ती बाई पाच महिने माझ्या दारात येत होती."

डॉक्टरांनी हार्ट असं लिहिलं. वय, वजन, सगळं जुळत होतं. सुदर्शननं पोलिसांना श्यामबद्दल सांगितलं, हिंदुराव मरताना बोलला म्हणून. कौशल्याबद्दल काही सांगितलं नाही. आणि सांगणार काय, योगेश? डिझेलच्या टाकीचं झाकण लावलं, हा गुन्हा कुठल्या कलमात बसतो ते तूच शोध तुझ्या इंटरनेटवर.

तिसऱ्या दिवशी पार्किंगची फरशी फोडली. श्याम सापडला. चोर नव्हता, पळाला नव्हता. कौशल्यानं इथंच सगळं केलं आणि अस्थी घेऊन गावी गेली. जाताना गॅरेजवर येऊन सुदर्शनला वाकून नमस्कार करून गेली. तो म्हणायचा, त्या नमस्कारानं त्याला जास्त त्रास झाला.

एक गोष्ट मात्र त्यानं मला फार उशिरा सांगितली. गॅरेज विकलं, त्या वर्षी.

हिंदुरावाला नेला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. पार्किंगची फरशी फोडायच्या आधी. सुदर्शन गेला होता. गेला नसता तर लोक बोलले असते. अंगणात भावकीतले चौघं हिंदुरावाला आंघोळ घालत होते. हा कडेला उभा होता.

आता नीट ऐका. हिंदुराव मेला डांबरी रस्त्यावर, उताणा, हात गळ्याशी. सुदर्शन सगळा वेळ समोर होता. त्या माणसानं टाकीच्या झाकणाशिवाय कशाला हात लावला नव्हता. कपडे शेवटपर्यंत पांढरे होते.

त्याच्या धाकट्या भावानं आंघोळीसाठी त्याचा हात हातात घेतला आणि तसाच धरून राहिला. मग दुसरा हात बघितला.

दहाच्या दहा नखं तुटलेली. तीन तर मुळापासून उपटलेली. उरलेल्यांच्या खाली काळा गाळ आणि गंजाचे पापुद्रे, पार आत मांसापर्यंत गेलेले.

भाऊ साबण लावून घासत होता. चौघांनी मिळून पाऊण तास घासलं. निघेना. शेवटी हातांवर उपरणं टाकलं आणि तसाच नेला.