काच फुटली की तो यायचा

पहिल्याच भेटीत मी त्याच्या अंगावर खळीचं भांडं उपडं केलं. मुद्दाम नाही. पण मुद्दाम केलं असतं तरी मला वाईट वाटलं नसतं.

आमच्या गल्लीत तेव्हा सगळ्यांनाच कुणाच्या ना कुणाच्या अंगावर काहीतरी ओतावंसं वाटत होतं. बेंगळुरूच्या पेटेत, म्हणजे जुन्या बाजारपेठेत, ऐन चौकाच्या पोटात, मेट्रोचं स्टेशन खणत होते. चौकाभोवती पत्रे ठोकले होते. पत्र्यांवर हसऱ्या माणसांची चित्रं आणि खाली लिहिलेलं... ‘आजची गैरसोय, उद्याची सोय’. गैरसोय आमची, हे उघडच होतं. सोय कुणाची, ते लिहायला पत्रा पुरला नसावा. धूळ अशी की सकाळी डकवलेली बेगड दुपारी राखेसारखी दिसायची. नवऱ्याच्या कपाळाला राख कोण बांधून घेईल?

आमचा धंदा बाशिंगांचा. खाली माझ्या वडिलांचं, अप्पांचं, दुकान. वरच्या खोलीत मी आणि अप्पांची बहीण, पुट्टम्मा अत्ते. भेंड कापायचं, चिंचोक्याची खळ लावायची, बेगड डकवायची. जगाची लग्नं आमच्या हातून सजत होती आणि मी पंचविशी ओलांडून तशीच बसले होते, यावर अत्ते रोज बोलायची.

तो जिन्यावरून न सांगता वर आला. गमबुटांचा आवाज ऐकून मी गर्रकन वळले आणि भांडं गेलं त्याच्या शर्टावर.

“भिंत बघायला आलोय,” ओघळणारी खळ निपटत तो म्हणाला.

“लोक मुलगी बघायला येतात. भिंत बघायला कोण येतं?”

“मी येतो. पगार मिळतो त्याचा.” मग बाही पिळत, “मुलगी बघायचा मिळत नाही... नाहीतर...”

“नाहीतर काय?”

“नाहीतर काही नाही. शिडी कुठे लावू?”

माझ्या बसायच्या जागेच्या मागेच भिंतीला जुना तडा होता. माझ्या जन्माआधीचा. त्यावर त्यानं बोटभर लांबीची काचेची पट्टी आडवी ठेवली आणि दोन्ही टोकं सिमेंटनं चिकटवली. तडा जरा जरी सरकला तरी काच तुटणार. खाली जमिनीतून बोगदा खणणारं मशीन आमच्याच दिशेनं येत होतं. ते आमच्या घराखालून पलीकडे जाईपर्यंत त्यानं आठवड्यातून एकदा येऊन काच बघायची, आणि मध्येच फुटली तर आम्ही फोन करायचा, असा नियम. नंबराचा कागद त्यानं भिंतीवर डकवला. आमच्याच खळीनं.

“नाव काय तुमचं?” मी विचारलं.

“इलंगो.”

“पेटेतले नाही वाटत.”

“केजीएफ.”

एवढ्यावरच अत्तेनं तोंड वाकडं केलं. कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या तमिळ मजुरांची पोरं, म्हणजे कोण, कुठली, कुणाच्या ताटाला चालतात आणि कुणाच्या नाही, हे तिला न विचारता कळतं. तो गेल्यावर त्यानं प्यायलेला स्टीलचा पेला तिनं वेगळा ठेवला. मी तो उचलला, घासला आणि त्यातच कॉफी प्यायले. अत्ते दिवसभर माझ्याशी बोलली नाही. चांगला दिवस गेला.

आठवडा किती लांब असतो, हे मला त्या वर्षी कळलं. तो यायचा, शिडीवर चढायचा, माझ्या डोक्यावरून पुढे वाकून काच बघायचा. ओल्या सिमेंटचा आणि डिझेलचा वास यायचा त्याच्या शर्टाला. ‘ठीक आहे’ म्हणायचा आणि जायचा. ठीक आहे! ज्या भिंतीला काही होत नाही तिच्यापाशी कोण थांबेल?

मग एका मंगळवारी मी कात्रीच्या मुठीनं काच फोडली.

अर्ध्या तासात तो हजर. चिखलानं भरलेला, धापा टाकत. काचेकडे बघितलं... मग माझ्याकडे बघितलं... मग पुन्हा काचेकडे.

“कधी फुटली?”

“मला काय माहीत? तुमच्या मशीनला विचारा.”

“मशीन अजून रायण्णाच्या तेलाच्या दुकानाखालीसुद्धा आलं नाही.”

“मग घाई असेल त्याला. अशा मशीनला बाईचं नाव देतात म्हणे. तुमच्याचं काय?”

“कमला.”

“दिवसभर कमलेपाशीच असता ना?”

“कमला बोलत नाही,” तो म्हणाला. “तेवढं सुख आहे.”

जुनी काच खरवडून नवी लावायला वेळ लागतो. सिमेंट घट्ट होईपर्यंत थांबावं लागतं. तेवढ्या वेळात त्यानं सांगितलं की त्याचा आजा आणि बाप खाणीत होते. खाली खोल कुठेतरी दगड फुटला की वरच्या घरांत भांडी वाजायची. बायका हातातलं काम टाकून दारात यायच्या आणि अपघाताच्या भोंग्याची वाट बघायच्या. “माझी आई अजून भांडं पडलं तरी दारात येऊन उभी राहते,” तो म्हणाला. “खाण बंद होऊन इतकी वर्षं झाली. खाली कुणीच नाही आता. तरी.”

मी त्या दिवशी एकही बाशिंग सरळ केलं नाही.

त्यानंतर मी किती काचा फोडल्या, मोजल्या नाहीत. मला लाज नव्हती आणि आजही नाही. प्रत्येक वेळी तो यायचा, बघायचा, काही न बोलता नवी लावायचा. एकदा खिशातून मोगऱ्याचा गजरा काढून काचेच्या तुकड्यांशेजारी ठेवला आणि म्हणाला, “वाटेत पडला होता.”

“कागदात गुंडाळलेला?”

“पेटेतली माणसं नीटनेटकी. टाकतातही गुंडाळून.”

अत्तेचे डोळे फुटले नव्हते. “गुडघ्याला बाशिंग बांधून बसलीयेस,” ती फणकारली, “आणि तेही कुणासाठी!”

“माप घेऊन ठेव,” मी म्हटलं. “तुझ्याच हातचं बांधेन.”

पण कमला जवळ येत होती. ताटातली वाटी आपोआप किणकिणायला लागली. पायाच्या तळव्यांना गुदगुल्या केल्यासारखी जमीन थरथरायची. गल्लीतली म्हातारी माणसं देवाचं नाव घ्यायची आणि मी मनात हिशेब मांडायचे की हिला अजून थोडं हळू का येता येत नाही.

“मशीन पुढे गेलं की मग?” एकदा मी विचारलंच.

“मग खाली रूळ पडतील. दिवे लागतील. सरकते जिने. तुम्ही पाच मिनिटांत मॅजेस्टिकला, मोठ्या रेल्वे स्टेशनवर.”

“मला कुठे जायचंय मॅजेस्टिकला! तुम्ही?”

“दुसरी गल्ली. दुसरं घर. दुसरी भिंत.”

“आणि दुसरी मुलगी.”

तो शिडीवर होता. खाली बघितलं नाही त्यानं. “बाकीच्या घरांत बहुतेक म्हाताऱ्याच असतात,” म्हणाला. मग बराच वेळ सिमेंटवरून उगाच बोट फिरवत राहिला... “आणि त्यांच्या काचा फुटत नाहीत.”

मला तेव्हाच कळायला हवं होतं.

एका सकाळी मी वर आले तर काच फुटलेली होती. मी हात लावला नव्हता. मध्यावरून सरळ चीर, जणू कुणी सुरीनं कापली. मी फोन केला. तो जिन्यावरून हसतच आला, “आज काय फेकलंत?” म्हणत. काच बघितली आणि हसू गेलं. भिंतीला तळवा लावला. मग धावत खाली गेला.

परत आला तो मोठ्या साहेबांना घेऊन. मागून अप्पा, अत्ते, आणि जिनाभर गल्ली.

“सर, मशीन थांबवायला हवं. हे घर आणि शेजारची दोन्ही आजच रिकामी करायला हवीत.”

अप्पांचा चेहरा पांढरा पडला. लग्नसराई तोंडावर. दुकानात वर्षाचा माल भरलेला. पेटेतून एकदा बाहेर काढलेला माणूस पुन्हा आत येत नाही, हे आम्ही समोरच्या आळीत बघितलेलं.

“काही झालेलं नाही, सर,” अप्पा म्हणाले. “आमची पोरगीच फोडते काच. खेळ आहे तिचा. हिला विचारा, माझ्या बहिणीला.”

अत्तेनं जोरात मान हलवली. “डोळ्यांनी बघितलंय मी!”

साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. मशीन थांबलं की वरून त्यांची कातडी सोलली जाणार होती. “मग प्रश्नच मिटला,” ते म्हणाले.

“नाही मिटला.” इलंगोचा आवाज हलका होता, पण जिन्यापर्यंत गेला. “हातानं फोडलेली काच चांदणीसारखी तडकते, सर. जिथे घाव बसतो तिथून चहूकडे. ही सरळ गेलीये. ही भिंतीनं फोडलीये.”

“आणि आधीच्या?”

तो म्हणाला, “आधीच्या सगळ्या चांदण्या होत्या.”

पहिल्या दिवसापासून माहीत होतं त्याला! तरी दर वेळी चिखलातून धावत आला होता.

“म्हणजे तुला ठाऊक होतं आणि तू आम्हाला कळवलं नाहीस,” साहेब थंडपणे म्हणाले. “मग आज तुझ्यावर विश्वास का ठेवायचा?”

अप्पा माझ्याकडे वळले. इतकं मऊ ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. “सुगुणा, सांग बाळ. ही पण तूच फोडलीस ना?”

हो म्हटलं असतं तर सगळं जागच्या जागी राहिलं असतं. दुकान, सराई, आणि माझी अब्रू. खोडकर पोरगी, एवढंच. नाही म्हणायचं तर आधीच्या का फोडल्या ते सांगणं आलं, जिन्यावरच्या त्या सगळ्या कानांसमोर.

“आधीच्या मी फोडल्या,” मी म्हटलं. “हा यावा म्हणून. मला हा आवडतो, म्हणून. ही मी फोडलेली नाही.”

अत्तेनं पदर तोंडात कोंबला. जिन्यावर कुणीतरी ‘शिव शिव’ म्हणालं. इलंगो खाली बघत होता, पण त्याचे कान... कान लालबुंद झाले होते.

मशीन थांबलं. दुपारपर्यंत आम्ही गांधीनगरच्या लॉजवर होतो, बाशिंगांच्या गठ्ठ्यांसकट. चौथ्या दिवशी आमची मागची भिंत खाली आली. माझ्या बसायच्या जागेवर. खोलीत कुणी नव्हतं.

त्यानं आम्हाला वाचवलं, असं तेव्हा कुणी म्हणालं नाही. काचांची गोष्ट लपवली म्हणून कंपनीनं त्याला काढलं. अप्पांनी कामाक्षीपाळ्यात भाड्यानं घर घेतलं आणि माझ्याशी बोलणं सोडलं. एकदाच तोंड उघडलं.

“तुझा जीव वाचवला त्यानं, कबूल. पण जीव वाचवला म्हणून कुणी जीव देऊन टाकतं का? आपल्यातला असता तर गोष्ट वेगळी.”

“आपल्यातला असता तर कुठे असता?” मी म्हटलं. “आपल्यातले सगळे जिन्यावर उभे राहून शिव शिव करत होते.”

मी त्या नंबरावर फोन करत राहिले. कुणीतरी भलताच उचलायचा. तो आला नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली, पुढची लग्नसराई आली नि गेली. आमच्या नव्या घराच्या भिंती गुळगुळीत, एक ओरखडा नाही. मी त्यांच्याकडे बघत पडून राहायचे आणि मला त्यांचा राग यायचा.

स्टेशन उघडलं. फुलांची तोरणं, मंत्र्यांची भाषणं, आमच्या गल्लीचं नाव कुणीही घेतलं नाही. सगळे म्हणाले, काय सुंदर झालंय. झालंच होतं सुंदर, खोटं कशाला बोलू? खाली गार, लख्ख, फरशीत तोंड दिसेल असं. मी काम काढून तिथे जायला लागले. फलाटावर बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय बघायचे. बूट, चपला, सँडल. इतक्या पायांत ते पाय नव्हते. गाडी बोगद्यातून यायची, वाऱ्याचा झोत केस उडवायचा, आणि मला वाटायचं, आत्ता ती आमच्या खोलीखालून आली. खोली नाही. खोलीखालचं मात्र सगळं आहे.

एक दिवस गाडी आली आणि मी उठून तिच्यात बसले. पाच मिनिटांत मॅजेस्टिक. तिथून केजीएफची गाडी.

त्यानं सांगितलेलं मला सगळं पाठ होतं. चॅम्पियन रीफ नावाची वस्ती, खाण कामगारांची चाळ, मागे खाणीतून उपसलेल्या पांढऱ्या मातीचे डोंगर. डोंगर खरंच होते. गवताचं पातं नाही त्यांच्यावर. मी विचारत विचारत गेले. पत्र्याच्या बुटक्या घराच्या दारात एक बाई तांदूळ निवडत बसली होती. मी माझं नाव सांगितलं तशी ती उठून उभी राहिली. हातातलं सूप पडलं, तांदूळ सांडले.

आवाज ऐकून तो आतून आला. बारीक झाला होता. मला बघून त्याचा चेहरा भ्यायल्यासारखा झाला.

“काय झालं? घराला काही...”

“काही नाही.”

“अप्पांना?”

“ठणठणीत आहेत. माझ्याशी बोलत नाहीत, तेवढं सुख आहे.”

“मग?”

“काही झालं नाही,” मी म्हटलं. “काहीही मोडलं नाही, फुटलं नाही. तरी आले.” मग मला संताप आला. “तुला येता आलं नाही का, मेल्या? वर्ष उलटून गेलं!”

तो दाराच्या चौकटीला धरून उभा होता. “कामावर होतो तेव्हा तुमच्या घरी यायला कारण होतं,” तो सावकाश म्हणाला. “आमच्यासारख्याला कारणाशिवाय तुमची पायरी चढता येत नाही, सुगुणा. रोज निघायचो. रोज इथल्या रेल्वे स्टेशनपर्यंत जाऊन परत यायचो...”

त्यानं पहिल्यांदा माझं नाव घेतलं होतं. किती तरी बोलायचं ठरवून आले होते मी, सगळं विसरले.

“मला लागत नाही कारण,” मी म्हटलं आणि उंबऱ्याबाहेर चपला काढल्या.

त्याची आई इतका वेळ माझ्याकडे टक लावून बघत होती. खालचे तांदूळ तसेच टाकून ती पुढे झाली.

“चपला आत घे गं पोरी,” ती मोडक्या कन्नडमध्ये म्हणाली. “इथली कुत्री नवी चप्पल ठेवत नाहीत.”